सात नंबर

साचेवाले पुन्हा उठले.

बादलीत प्लास्टर कालवून झालं होतं, साचा तोंड वासून वाट बघत होता, आणि प्लास्टर ही वस्तू कोणासाठी थांबत नाही. वेळेत ओतलं तर मूत्रपिंड, नाहीतर धोंडा. हे साचेवाल्यांना सांगायची गरज नव्हती. कळायला लागल्यापासून त्यांचे हात कोपरापर्यंत या पांढऱ्या चिखलात होते. तरी ते उठले, फडक्याला हात पुसले, "आलोच" म्हणाले आणि शेडच्या मागच्या दाराने संडासात गेले. तिथे त्यांनी भिंत बघितली, छत बघितलं, नळही सोडून बघितला, कारण पाण्याच्या आवाजाने होतं असं ऐकलं होतं. नळ जोरात वाहिला. त्यांच्याकडून मात्र चार थेंब आले, तेही उपकार केल्यासारखे. ते परतले तेव्हा बादलीत कालथा ताठ उभा होता.

समोरच्या टेबलावर त्यांची बायको रक्तवाहिन्या रंगवत होती. लाल संपवून निळ्यावर आली होती. तिने बादलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि ब्रश पुन्हा निळ्यात बुडवला.

"हवा कोरडी आहे," साचेवाले म्हणाले. "लवकर आवळतंय."

"हं," ती म्हणाली.

कारखाना दोघांचा. म्हणायचा कारखाना, खरं तर घराला चिकटलेली पत्र्याची एक लांब शेड. शाळा-कॉलेजांसाठी शरीराची मॉडेलं बनवायची. काळीज, कान, दात, अर्धं डोकं. सगळ्यात जास्त खप डोळ्याला. सगळ्यात कमी खप पुरुषाच्या मूत्रसंस्थेला आणि प्रजननसंस्थेला. दोन्ही एकाच पाटावर, मधोमध उभी चिरून दाखवलेली. शाळा ते घेतात, कारण घ्यावं लागतं, आणि मग कपाटात तोंड भिंतीकडे करून ठेवतात. माल पोचवायचं काम साचेवाल्यांच्या मेहुण्याकडे होतं. टेम्पो त्याचा होता. तो शपथेवर सांगायचा की एका शाळेत बाईंनी त्या मॉडेलला विणलेलं टोपडं घातलेलं त्याने डोळ्यांनी बघितलंय.

या मॉडेलच्या तुकड्यांना शेडमध्ये नावं नव्हती, नंबर होते. धंदा सुरू केला साचेवाल्यांच्या वडिलांनी. त्यांना रंगवायला हलक्या हाताचं माणूस हवं होतं, आणि तसा हात घरात एकाच माणसाचा होता, तो म्हणजे आईचा. आई म्हणाली, रंगवीन, सगळं रंगवीन, पण त्या गोष्टींची नावं माझ्यापुढे घ्यायची नाहीत आणि पोरांपुढे तर मुळीच नाहीत. वडिलांनी मुकाट्याने प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर आकडा कोरला. एक म्हणजे मूत्रपिंड, तीन मूत्राशय, चार लघवीची नळी, सात ती मूत्राशयाखालची गाठीसारखी ग्रंथी, नऊ वृषण. पुढचे आकडे वाचकांनी आपले आपण लावून घ्यावेत. तेव्हापासून घरात "जरा अकरा नंबर इकडे दे" आणि "नऊ नंबरला अजून एक हात मारायला हवा" असं खुशाल बोललं जायचं. सून आली, तिनेही येताच आकडे पाठ केले. तीस वर्षं ती पुरुषाचा एकूण एक अवयव रंगवत आली होती, अगदी कडेपर्यंत, एक ओघळ येऊ न देता. पण त्यातल्या एकाचंही नाव तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. साचेवाल्यांच्याही नाही. शेडमध्ये निदान आकडे तरी होते. घरात तेही नव्हते. घरात फक्त दिवा मालवला जायचा, आणि तेवढ्यावर दोघांचं छान चाललं होतं.

ते आता थांबलं होतं. गेले काही महिने दिवा मालवायची वेळ झाली की साचेवाले उशी उचलून बाहेरच्या खोलीत जात. "आत उकडतं," म्हणाले होते. पुढे थंडी पडली, अंगावर दोन-दोन पांघरुणं आली, तरी यांना आत उकडतच होतं.

खरी गोष्ट अशी की त्यांना रात्रभर उठावं लागत होतं. डोळा लागतो न लागतो तोच पोटात कळ यायची. उठायचं, जायचं, उभं राहायचं, काही नाही. परत येऊन आडवं व्हायचं, की पुन्हा तेच. पलंग जुना होता, कुशीवर वळलं तरी सगळ्या घराला सांगायचा. आणि एका पहाटे चादरीवर ओलं लागलं होतं. थोडंसंच होतं. पण साठीच्या घरातल्या, स्वतःला अजून तरणाबांड समजणाऱ्या पुरुषाला ते थोडंसं पुरेसं होतं. त्यांनी बायको जागी व्हायच्या आत चादर धुऊन टाकली आणि त्याच दिवशी उशी बाहेर नेली.

तिला काय वाटत असेल, याचा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. केला होता, आणि तो मनात आला की ते उठून संडासात जात. तिने पहिल्यांदा विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?" त्यावर हे म्हणाले, "छे, तुझं काय चुकणार?" तिने पुन्हा विचारलं नाही. केस विंचरायची ती घाईत विंचरू लागली. जेवताना समोर बसायची ती ओट्यापाशी उभ्याने जेवू लागली. कामाचं तेवढं बोलायची. बायको घरात असून हातची चाललीये, हे साचेवाल्यांना स्वच्छ दिसत होतं. सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यात जो शब्द घालायचा, तिथेच घोडं अडलं होतं.

शेवटी त्यांनी डॉक्टर गाठला, तोही चोरून. मेहुण्याबरोबर कानांची खोकी पोचवायला निघाले आणि इस्पितळापाशी "ओळखीचे आहेत, भेटून येतो" म्हणून उतरले. डॉक्टर तरुण होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बाहेर रांग लागलेली.

"काय त्रास, काका?"

"जायला त्रास होतो."

"कुठे जायला?"

"जायलाच."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "लघवीला?"

"तेच ते," साचेवाले म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मग त्याने त्यांना पडद्यामागे नेलं, कुशीवर वळायला आणि गुडघे पोटाशी घ्यायला सांगितलं, हातमोजा चढवला. त्यापुढचं साचेवाले मरेपर्यंत कोणाला सांगणार नव्हते, म्हणून आपणही सोडून देऊ. हात धुता धुता डॉक्टर म्हणाला, "प्रोस्टेट वाढलंय. घाबरू नका, या वयात बहुतेकांचं वाढतं. ते वाढलं की लघवीची नळी दाबली जाते. गोळ्या देतो. रक्त तपासू, सोनोग्राफी करून घेऊ."

इथवर सगळं ठीक होतं. पण साचेवाल्यांच्या कपाळावर आठी पडली.

"दाबली कशी जाईल?" ते म्हणाले. "ती ग्रंथी तर नळीच्या मागे असते."

"मागे?"

"मागे. खुंटीवर. काढून बाजूला ठेवता येते."

डॉक्टरला हसू आवरेना. "काढून ठेवता आली असती तर माझं काम किती सोपं झालं असतं! नळी तिच्या आतून जाते हो, काका. आरपार."

"मी मॉडेलं बनवतो," साचेवाले ताठ होऊन म्हणाले. "वडिलांपासून."

"मग मॉडेल चुकलंय," डॉक्टर म्हणाला आणि त्याने घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं. त्याचंही काही चूक नव्हतं, बाहेर रांग होती. पण साचेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालचं पोर! हे ज्या शाळेत शिकलं असेल तिथेही आपलंच मॉडेल असणार, आणि बाईंनी ते तोंड फिरवून ठेवलेलं असणार, म्हणूनच याला धड माहीत नाही. गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी रस्त्यातच टाकून दिली.

शेडवर येताच त्यांनी फळीवरून मॉडेल काढलं आणि सात नंबर उपसून हातात घेतला. लिंबाएवढा गोळा, मागे लाकडी खुंटी. मूत्राशयाखालच्या खाचेत टक्कन बसायचा. समोरून चार नंबरची नळी मोकळी खाली जात होती, पिवळी, सुबक, बायकोच्या हातची. दोघांमध्ये बोट जाईल एवढी जागा होती. साचेवाले मुळात शंका ठेवणारे नव्हते. त्यांनी माती भिजवली, सातवर थापली, गोळा चांगला संत्र्याएवढा केला आणि पुन्हा बसवला. गोळा मागच्या मागे फुगला. नळीला नखही लागलं नाही. अजून माती लावली, तरी तेच. झालं की सिद्ध! त्यांना फार बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटताच जावंसं वाटलं.

"सात नंबरला काय झालं?" मागून बायकोचा आवाज आला. ती ब्रश धुवायला आली होती.

"काही नाही. बघत होतो."

"माती कशाला लावलीत?"

"बघत होतो म्हटलं ना!"

ती उभी राहिली. मातीने बरबटलेला तो गोळा तिने नीट बघितला, मग नवऱ्याचं तोंड बघितलं, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने भर घातली. तो खोकी चढवत होता आणि साचेवाले दर खोक्यामागे एकदा आत जाऊन येत होते. "भाऊजी, पायाला भिंगरी लागली की काय?" तो म्हणाला, आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन, आवाज खाली आणून त्याने निदान केलं. "खडा आहे. लिहून घ्या माझ्याकडून. आमच्या स्टँडवर एकाला अगदी असंच होत होतं. पाणी प्या, पाणी! तांब्याने नाही, बादलीने. खडा धुऊन निघाला पाहिजे." मेहुण्याला जगातल्या सगळ्या रोगांचं ज्ञान होतं. हे ज्ञान त्याने स्टिअरिंगमागे बसून मिळवलं होतं. पण खडा ही गोष्ट साचेवाल्यांना पटली. खडा नळीत अडकतो, हे मॉडेलमध्येही बसत होतं. शिवाय खडा कोणालाही होतो, तरण्याताठ्यांनाही होतो, त्यात वयाचा संबंध नाही. त्यांनी पाणी प्यायला सुरुवात केली. सकाळी उठून एक कळशी. कामाच्या मधे तांब्यामागून तांब्या. बायको बघत होती. बादल्यांमध्ये प्लास्टरचे धोंडे साठत होते.

आणि एका सकाळी ते चार थेंबही बंद झाले.

आधी त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. अजून पाणी प्यायले. मग शेडमध्ये येऊन प्लास्टर कालवायला घेतलं आणि खाली वाकता येईना. पोट पुढे आलं होतं, बेंबीखाली टणक झालं होतं. बसावं तर कळ, उभं राहावं तर कळ. ते टेबलाभोवती फिरू लागले. एक फेरी, दुसरी, कडेला हात टेकून तिसरी. संडासात गेले, परत आले, दारातूनच पुन्हा वळले. सगळं अंग घामाने निथळत होतं. बादलीतलं प्लास्टर साय धरू लागलं.

बायकोने ब्रश ठेवला. उठली, बादली उचलली आणि साच्यात सावकाश, एका धारेत ओतली. साचा दोनदा ठोकून बुडबुडे काढले. हात धुतले. मग नवऱ्याच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही काय? चेहरा बघा जरा. काय होतंय?"

"अगं, सरक ना बाजूला!"

ती सरकली नाही. तिने फळीवरून ते मॉडेल उतरवलं आणि त्यांच्यापुढे टेबलावर आदळलं. सात नंबरला अजून माती चिकटलेली होती, वाळून तडकलेली.

"कितवा?" तिने विचारलं.

साचेवाले दात आवळून उभे होते. मग त्यांनी बोट पुढे केलं आणि तीनवर ठेवलं.

"तीन. भरलाय?"

त्यांनी मान हलवली.

"मग जाऊन या की."

बोट तीनवरून चारवर उतरलं आणि आडवं हललं. नाही.

"कधीपासून?"

"सकाळपासून," ते पुटपुटले. "एक थेंब नाही."

तिने पदराला हात पुसून त्यांच्या पोटावर ठेवला. कित्येक महिन्यांनी तिचा हात त्यांच्या अंगाला लागला होता, आणि त्या कळांमध्येही साचेवाल्यांना ते कळलं. पोट लाकडासारखं लागत होतं. तिने भावाला फोन लावला आणि त्याने "अगं, खडा असेल" एवढं म्हणताच त्याला असं काही झापलं की टेम्पो दारात आला तेव्हा त्याने चपलाही घातल्या नव्हत्या.

तो प्रवास साचेवाल्यांनी मागे, खोक्यांमध्ये उभ्याने केला, कारण बसणं शक्यच नव्हतं. रस्त्याला एवढे खड्डे आहेत हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला ते मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि त्या पिढ्या बायकोच्याही आहेत हे लक्षात येऊन मधेच थांबत होते. बायको शेजारी दांडी धरून उभी होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती त्यांच्यावर रुसलेली नव्हती. ती घाबरली होती, आणि ते बघून साचेवाले जास्त घाबरले.

इस्पितळाच्या खिडकीत एक बाई बसली होती. मागे बाकांवर माणसंच माणसं, पोरंबाळं, म्हातारे.

"काय तक्रार आहे?" बाईने खणखणीत आवाजात विचारलं.

साचेवाल्यांनी खिडकीची कड धरली आणि खाली बघितलं.

"यांचा तीन नंबर..." बायको म्हणाली.

"तीन नंबरला डोळे तपासतात. डोळ्यांचं आहे का? मग तिकडे बसा."

"नाही हो, डोळ्यांचं नाही."

"मग काय ते नीट सांगा ना, बाई. मागे लोक आहेत."

बायकोने एकदा बाकांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. साचेवाले या पायावरून त्या पायावर होत होते, त्यांच्या डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं. तिने श्वास घेतला.

"माझ्या नवऱ्याची लघवी अडकलीये," ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाकांवरची कुजबुज थांबली. "सकाळपासून एक थेंब झाली नाही. मूत्राशय फुटायची वेळ आलीये. नंबर, रांग काय असेल ते मागनं बघा. आधी डॉक्टर बोलवा!"

कोणी हसलं नाही. एक म्हातारा तर उठून "इकडून न्या, इकडून जवळ पडतं" म्हणत वाट दाखवायला पुढे झाला. त्याला ती वाट फारच चांगली ठाऊक दिसत होती.

आत तोच डॉक्टर होता. त्याने साचेवाल्यांना बघितलं, ओळखलं, आणि काही न बोलता हातमोजे चढवले. पुढचं काम फार वेळाचं नव्हतं. एक बारीक रबरी नळी, थोडी आग, थोडा जोर, आणि मग पिशवीत पिवळी धार लागली. भरतच गेली. पिशवी बदलावी लागली. साचेवाल्यांचे आवळलेले खांदे सुटले, जबडा सुटला, पाय सुटले, आणि ते लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. एवढं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं. हे त्यांनी मनातच ठेवलं, कारण बायको उशाशी उभी होती.

"गोळ्या घेतल्याच नाहीत ना?" डॉक्टरने विचारलं.

"कसल्या गोळ्या?" बायको म्हणाली.

"मागे आले होते तेव्हा लिहून दिलेल्या."

"आले होते?" तिने नवऱ्याकडे वळून बघितलं. "तुम्ही इथे येऊन गेलात? मला न सांगता?"

साचेवाले छताकडे बघू लागले. एक दुखणं नळीवाटे निघून गेलं होतं, पण दुसरं उशाशीच उभं होतं.

विषय बदलावा म्हणून, आणि खरं तर राहवेना म्हणूनही, त्यांनी डॉक्टरला विचारलं, "ती नळी... खरंच आतून जाते?"

डॉक्टरने ट्रेमधलं चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि मधल्या भोकातून पेन आरपार घातलं. "हे रीळ म्हणजे प्रोस्टेट. हे पेन म्हणजे नळी. आता रीळ बाहेरच्या बाजूनेही फुगतं आणि आतल्या बाजूनेही. आत फुगलं की पेनला जागा कुठे उरली?"

साचेवाल्यांनी रीळ हातात घेतलं. बराच वेळ फिरवून बघितलं. वडिलांनी सातला भोक का पाडलं नसेल, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. एवढ्याशा गोळ्याला आरपार भोक पाडलं तर प्लास्टर साच्यातून निघताना दुभंगतं. म्हणून वडिलांनी नळी बाहेर काढली आणि गोळा मागे खुंटीवर टांगला. फुटू नये म्हणून केलेली सोय, आणि मुलगा तिलाच शरीर समजून बसला. एवढ्या शाळांमध्ये, एवढ्या कपाटांमध्ये ते तसंच बसलं होतं. त्यांना एकदम कानकोंडं झालं.

"सात चुकलाय," ते बायकोला म्हणाले.

"एकटा सातच नाही चुकलेला," ती म्हणाली.

रक्ताचा आणि सोनोग्राफीचा निकाल आल्यावर डॉक्टरने दोघांना आपल्या खोलीत बसवलं. साचेवाल्यांच्या मांडीजवळ पिशवी लटकत होती, ती त्यांनी शर्टाने झाकायचा प्रयत्न चालवला होता. दोन्ही मूत्रपिंडांना सूज आली होती, पण उतरेल, असं डॉक्टर म्हणाला. अजून थोडे दिवस असेच काढले असते तर उतरली नसती. ऑपरेशन करावं लागेल. कापाकापी नाही, नळीतूनच आत जाऊन ग्रंथीचा अडवणारा भाग खरवडून काढायचा.

"एक गोष्ट आधी सांगावी लागते," तो म्हणाला आणि कागदात बघत बोलू लागला. "या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं वीर्य पुढे बाहेर येत नाही, मागे मूत्राशयात जातं. मग लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय काही नाही. सुखातही सहसा फरक पडत नाही. पण मूल हवं असेल तर अडचण येते."

"आम्हाला नातवंडं आहेत," बायको म्हणाली.

"तसं नाही, सगळ्यांनाच सांगावं लागतं. आणि..." आता तो तरुण माणूसही जरा अडखळला. "तुमचे दोघांचे संबंध आहेत ना अजून? म्हणजे, त्याप्रमाणे मला काही सूचना द्याव्या लागतात."

"छे, छे!" साचेवाले घाईघाईने म्हणाले. "आता कुठे? आमचं काय वय आहे का?"

त्यांना वाटलं, बरं निभावलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती हसली नव्हती, लाजलीही नव्हती. मांडीवरचे स्वतःचे हात बघत होती, नखांच्या कडांना निळा रंग होता. असा चेहरा त्यांनी फक्त एकदा बघितला होता, "माझं काही चुकलं का" असं तिने विचारलं होतं त्या दिवशी. अख्ख्या बाकांसमोर जी बाई त्यांच्यासाठी ओरडली, तिला आत टाकून आपण पुन्हा बाहेरच्या खोलीत निघून आलो, हे त्यांना कळलं.

"थांबा," ते डॉक्टरला म्हणाले. "खोटं बोललो."

डॉक्टरने मान वर केली.

"संबंध आहेत. म्हणजे, होते. चांगले होते." ते थांबले नाहीत, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही याची त्यांना खात्री होती. "मी बंद केले. हिचं काही नव्हतं त्यात. रात्री सारखी लघवीला लागायची. एकदा चादरीत झाली. मला लाज वाटली. हिला कळलं तर आपण म्हातारे झालो असं वाटेल तिला, म्हणून मी बाहेर झोपायला लागलो. उकडत वगैरे काही नव्हतं."

हे सगळं ते डॉक्टरकडे बघून बोलत होते. डॉक्टर शहाणा होता, तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

मग बायको म्हणाली, "चादर?"

"हो."

"एका चादरीपायी?"

साचेवाले पुन्हा शर्टाने पिशवी झाकू लागले.

"मला वाटलं, मी आता नकोशी झाले तुम्हाला," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "रोज आरशात बघायचे. काय झालं असेल आपल्याला, म्हणून बघायचे. आणि हे बाहेर चादरीचा हिशेब घालत बसलेत!" तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग, डॉक्टर समोर असताना, नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवला, पिशवीच्या अगदी शेजारी, आणि तो तिथेच राहू दिला. साचेवाल्यांनी हललं तर हात निघेल म्हणून श्वाससुद्धा जपून घेतला.

"ऑपरेशननंतर," तिने डॉक्टरला विचारलं, "संबंध परत ठेवता येतील?"

"येतील की. थोडे आठवडे दम धरायचा, मग खुशाल."

"आणि ऑपरेशन कधी?"

डॉक्टरने पानं चाळली. "पुढच्या बुधवारी जागा आहे."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा डॉक्टरकडे.

"उद्या नाही का जमणार?" ती म्हणाली.